नसलेल्या राज्याचे कपडे

(सामुदायिक रेडिओवरून ऐकवलेलं भाषण)

जेवणं उरकून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्यांना नमस्कार, आणि भाकरी थापता थापता ऐकत असाल त्यांनाही. भाकरी करपू देऊ नका, मी काही पळून जात नाही.

मागच्या खेपेला मी पोलक्याच्या बाहीचं बेतणं सांगितलं होतं. आजही कपड्यांचंच बोलायचं आहे, पण हे कपडे अशा देशातले आहेत की जो नकाशावर शोधून सापडायचा नाही. जे राज्य कुठंच नाही, तिथल्या राणीनं काय नेसावं? तिथल्या शेतकऱ्यानं डोक्याला काय बांधावं? हसलात ना? पण डिसेंबर उजाडला की आमच्या गटाची चारही मशिनं याच कामाला लागतात. शाळांची गॅदरिंगं असतात, नाटुकली असतात. गणपतीत देखावे असतात. दरवर्षी एखादं तरी राज्य आम्ही सुई-दोऱ्यानं उभं करतो आणि दुसऱ्या दिवशी घडी करून पेटीत ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे, डहाणूच्या बाजूला, एका शाळेचं काम आलं. तिथल्या बाईंनी स्वतः नाटक लिहिलं होतं. त्यात चार राज्यं होती: सोन्याचं, समुद्राचं, डोंगराचं आणि जंगलाचं. मुलं एकूण २८. सोन्याच्या राज्याला जरीचे झगे आणि मुकुट, समुद्राला निळं सॅटिन, डोंगराला शाली. जंगलाच्या राज्यासाठी चिठ्ठीवर लिहिलं होतं: पानांचे घागरे, हाडांच्या माळा, अंगाला काळा रंग.

मी काहीच विचार केला नाही, हे आधी कबूल करते. बाजारातून हिरवं कापड आणलं आणि पानं कापायला बसले. आमच्या गटात एक वारली मावशी आहेत. हातशिलाई त्यांच्यासारखी कुणाची नाही, त्या शेजारी बसून काजं करत होत्या. त्यांची नात त्याच शाळेत सहावीला, आणि तिला जंगलाच्या राज्यात घेतलं होतं. घेताना कुणीतरी हसत म्हणालं होतं, "हिला रंगाचा खर्च नाही." पोरीनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. मावशींनी ते मला आल्या आल्या सांगितलं नाही. माझी दहा-बारा पानं कापून झाली, तेव्हा त्यांनी एक पान उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, माझी आजी लुगडं नेसायची. पान आम्ही जेवायला घेतो."

मग नातीचं सगळं सांगितलं. मी कात्री खाली ठेवली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी या भागात लग्न होऊन आले त्याला २० वर्षं झाली. आठवडी बाजारात वारली बाया रोज नाही तरी दर आठवड्याला बघते. गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा घालून नेसलेलं लुगडं. तसं का, तर भाताची लावणी करताना पाय पोटरीपर्यंत चिखलात असतात, घोळदार नेसलं तर ओलं होऊन पायात गुंडाळतं. हे मला माहीत होतं. मग जंगलातली माणसं म्हटल्यावर माझ्या डोक्यात पानांचा घागरा आला कुठून?

सिनेमातून आला, दुसरं काय. ‘बाहुबली’ आपण सगळ्यांनी पाहिलाय, कुणी तालुक्याला जाऊन, कुणी टीव्हीवर चार-चारदा. त्याचा पहिला भाग २०१५ सालचा. माहिष्मती नावाचं राज्य आहे. माहिष्मती हे नाव आपल्या पुराणांत आहे, नर्मदेकाठचं महेश्वर म्हणजेच ती नगरी असं पुष्कळजण मानतात. होय, अहिल्याबाईंचं महेश्वर, जिथल्या साड्या आपण लग्नात मिरवतो. सिनेमातली माहिष्मती मात्र कल्पनेतली. रमा राजमौली आणि प्रशांती तिपिर्नेनी यांनी त्या सिनेमाचे कपडे केले. शिवगामीदेवी सिंहासनावर बसते तेव्हा तिच्या साडीचे काठ, दागिने, कपाळावरची टिकली बघूनच कळतं, की ही हुकूम देणारी बाई आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे बघताना जीव हरखतो, मी खोटं कशाला बोलू.

आणि त्याच सिनेमात कालकेय येतात. ते काळेकभिन्न रंगवलेले, अंगावर धड कपडा नाही, बोलणं कुणाला कळत नाही. त्यांची भाषासुद्धा नवी बनवली होती. त्यांच्यातल्या बायका कुठल्या, ते खातात काय, शेती करतात का, काहीच कळत नाही. कळायची गरजही ठेवलेली नाही, कारण त्यांनी फक्त मरायचं आहे. त्यांच्या म्होरक्याचं नाव इंकोशी. आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या भाषेत राजाला, प्रमुखाला ‘इन्कोसी’ म्हणतात. दोन्ही शब्द एकदा मोठ्यानं म्हणून बघा.

म्हणजे कल्पनेतलं राज्य शिवताना आपण कपड्यांवरूनच ठरवून टाकतो, की माणूस कोण आणि टोळी कोण. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ते ठरलेलं असतं. माझ्या टेबलावरच्या हिरव्या पानांनी तेच ठरवलं होतं.

माझी थोरली मुलगी कॉलेजात आहे. तिला हे सगळं सांगितलं तर तिनं मोबाइलवर मला एक इंग्रजी सिनेमा दाखवला, ‘ब्लॅक पँथर’. २०१८ चा. त्यात वकांडा नावाचा देश आहे, तोही खोटाच. अमेरिकेतल्या चित्रकथांच्या पुस्तकांत तो पहिल्यांदा १९६६ साली आला. आफ्रिकेतला देश, पण कुणाच्याही ताब्यात कधी न गेलेला, आणि सगळ्या जगाच्या पुढं गेलेला. त्या देशाचे कपडे करायचं काम रूथ कार्टर या बाईंकडे आलं. त्या स्वतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय. या कामाला त्यांना २०१९ साली ऑस्कर मिळालं, वेशभूषेसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. हेच बक्षीस १९८३ साली आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ सिनेमासाठी मिळालं होतं, भारताचं ते पहिलं ऑस्कर. त्याआधी ‘आम्रपाली’ सिनेमाचे कपडे करताना त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली होती.

तर या रूथबाईंनी काय केलं? नसलेल्या देशाला कपडे देताना त्यांनी असलेल्या माणसांकडे पाहिलं. राणीच्या डोक्यावर एक मोठी गोल, वर पसरत जाणारी टोपी आहे. झुलू बायकांची ती टोपी, ‘इसिचोलो’ म्हणतात तिला. आपल्याकडे मंगळसूत्र, तशी तिथं लग्न झालेल्या बाईची ती खूण. पूर्वी बायका आपल्या केसांनाच चरबी आणि गेरू लावून तसा आकार द्यायच्या, पुढं त्याची वेगळी टोपी झाली. सिनेमात ती टोपी संगणकावर आखून, छपाईच्या यंत्रानं थरावर थर रचून बनवली आहे. जुनी खूण आणि नवं यंत्र. त्या देशाची सगळी कथाच तशी आहे.

सरहद्दीवर राहणाऱ्या लोकांच्या अंगावर घोंगड्यांसारखी जाड ब्लँकेटं आहेत. ती लेसोथो नावाच्या खऱ्या देशातली. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मध्ये हा डोंगराळ देश, थंडीत बर्फ पडतं. तिथले बसोथो लोक ब्लँकेट पांघरूनच सगळं करतात, बारशाला, लग्नाला, घोड्यावर बसायला. काही ब्लँकेटांवर मक्याच्या कणसाची नक्षी असते, भरभराटीची खूण म्हणून. आणि गंमत ऐका. हा त्यांचा जुना वेश कातड्यांचा होता. सन १८६० च्या सुमारास त्यांचा राजा मोशोशो याला एका गोऱ्या व्यापाऱ्यानं लोकरीचं ब्लँकेट भेट दिलं, राजाला ते आवडलं आणि लोकांनी उचललं. विणलं जायचं ते परक्या गिरण्यांत. पण कुठं कसं पांघरायचं, कोणती नक्षी कुणी घ्यायची, हे त्यांनी ठरवलं आणि ते त्यांचं झालं. आपल्या नऊवारीवर गिरणीचं कापड आलं म्हणून ती नऊवारी राहिली नाही, असं कुणी म्हणेल का?

राजाच्या भोवती बायकांचं रक्षक पथक आहे. सगळ्या लाल वेशात, हातात भाले. लाल रंग आणि मण्यांचं काम केनिया-टांझानियातल्या मासाई लोकांवरून घेतलंय, गळ्यातली कडी दक्षिण आफ्रिकेतल्या एन्देबेले बायकांवरून. चित्रकथेत या बायकांचे कपडे बरेच तोकडे होते. रूथबाईंनी त्या अंगभर झाकल्या, चिलखतासारख्या. लढणाऱ्या बाईला लढता येईल असे कपडे. मला ते फार आवडलं.

पण मावशींना जे आवडलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी मी मोबाइल घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यात राजाचा दरबार आहे. एका मंत्री बाईचं अंग आणि केसांच्या बटा गेरूनं लाल आहेत. ती पद्धत नामिबियातल्या हिंबा बायकांची. लोणी आणि गेरू एकत्र करून त्या अंगाला, केसांना लावतात. कोरडा मुलूख, ऊन आग ओकतं आणि पाण्याची टंचाई. दुसऱ्या एका मंत्र्याच्या खालच्या ओठात मोठी चकती आहे, इथिओपियातल्या मुर्सी बायका घालतात तशी. अंगात हिरवा कडक इस्त्रीचा सूट. आणि हे सगळे राज्याचा निर्णय घ्यायला बसलेत. मावशींनी ते दृश्य तीनदा लावायला सांगितलं. मग विचारलं, "हिला कुणी हसत नाही?"

नाही हसत. तिथं कुणीच हसत नाही. त्याच सिनेमात डोंगरावरचे लोक आहेत, त्यांच्या कमरेला गवताचे घागरे आहेत, मालीतल्या डोगोन लोकांवरून घेतलेले. म्हणजे माझी पानं आणि त्यांचं गवत, वस्तू म्हणून फार फरक नाही. पण त्यांचा राजा असा उभा राहतो, की समोरचा आधी मान खाली घालतो. गवत कमीपणाचं नव्हतंच. आपण ते कुणाच्या अंगावर, कशासाठी घालतो यात सगळं आलं.

आता यातही मला एक गोष्ट टोचली, ती सांगते. हिंबा राहतात नामिबियात, मुर्सी इथिओपियात, मध्ये हजारो किलोमीटर. सिनेमात ते एका टेबलाभोवती बसले. गोष्टीला ते चालतं. पण ज्यांनी ती टोपी घडवली, ती नक्षी विणली, त्यांचं नाव प्रेक्षकाला कळत नाही, वकांडाचंच नाव राहतं. अंतराळातल्या एका इंग्रजी गोष्टीत, ‘स्टार वॉर्स’ तिचं नाव, १९९९ साली एका राणीला मंगोलियातल्या जुन्या खानदानी बायकांसारखी केशरचना दिली होती, दोन्ही बाजूंना शिंगांसारखे रुंद पसरलेले केस. आता त्या मंगोल बायकांचा जुना फोटो बघून लोक म्हणतात, ही तर सिनेमातली राणी! आजीच नातीसारखी दिसायला लागली.

आपल्या घरातही हे झालंय. भिंतीवरची लक्ष्मी आठवा. साडी, पोलकं, अंगभर दागिने. लक्ष्मी अशीच, असं आपण डोळे मिटून सांगू. पण जुन्या लेण्यांतल्या देवी बघा, शिवलेलं पोलकं कुठं दिसणार नाही. साडीतली लक्ष्मी घराघरांत पोचली ती राजा रविवर्मा यांच्या चित्रांनी. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून देव-देवी कागदावर छापून गावोगाव आल्या. एका चित्रकारानं देवांना काय नेसवायचं ते ठरवलं आणि सव्वाशे वर्षं आपण त्याच कपड्यांना हात जोडतोय. मी तक्रार करत नाही, माझ्याही देव्हाऱ्यामागे तीच तसबीर आहे.

असो. आमच्या २८ पोशाखांकडे येते.

मी शाळेतल्या बाईंना भेटायला गेले. त्या वाईट नाहीत. कुणी रंगाच्या खर्चावरून काय बोललं ते त्यांना ठाऊकच नव्हतं, ऐकून त्यांचा चेहरा उतरला. तरी त्या म्हणाल्या, "पण ताई, काळा रंग नाही लावला तर ही जंगलातली माणसं आहेत हे कळणार कसं?" मी म्हटलं, "सोन्याच्या राज्यातल्यांना सोनेरी रंग फासणार आहात का?" त्या हसल्या. मग मी हिशोब मांडला. नवं हिरवं कापड, त्यावर पानं शिवायची मजुरी, यापेक्षा जुन्या सुती साड्या रंगवून लुगडी केली तर निम्म्यात काम होतं. त्या हो म्हणाल्या. खरं सांगू? पटलं म्हणून कमी, स्वस्त पडलं म्हणून जास्त. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

मग मावशी आणि मी बसलो. मी रंग कुठला, नक्षी कुठली यापासून सुरुवात करत होते. त्यांनी आधी वेगळंच विचारलं. "त्या राज्यात पाऊस किती? चिखल असतो का? ही माणसं पेरतात काय?" मला तर ते नाटकात लिहिलेलंही नव्हतं. आम्हीच ठरवलं: पाऊस पुष्कळ, भात लावतात, मोहाची झाडं आहेत, बांबू आहे. एवढं ठरल्यावर कपडा आपोआप ठरत गेला. नेसण गुडघ्यापर्यंत. डोक्यावर पावसासाठी बांबूचं इरलं, ते घरोघरी होतंच. सुती कापड, कारण ओलं झालं तर वाळतं. पाहुणे आले की मोठ्यांनी खांद्यावर दुसरा पंचा घ्यायचा, म्हणजे मान कुणाचा ते दिसेल. सॅटिनच्या समुद्रापेक्षा हे राज्य आम्हाला जास्त खरं वाटायला लागलं.

रंगाचं थोडं सविस्तर सांगते, तुमच्या उपयोगी पडेल. पळसाची फुलं डिसेंबरात मिळत नाहीत, आधीच्या शिमग्याला वाळवून ठेवलेली असतील तर उकळून छान केशरी-पिवळा येतो. आमच्याकडे नव्हती, म्हणून हळद घेतली. हळदीचा रंग उन्हात उडतो, एका रात्रीच्या नाटकाला पुरतो, पण कपडा सावलीतच वाळवा. काळ्यासाठी हिरड्याची पूड पाण्यात उकळून त्यात कापड भिजवायचं, वाळवायचं, आणि मग लोखंडाच्या पाण्यात बुडवायचं. गंजलेले खिळे, थोडा गूळ आणि पाणी मडक्यात मुरत ठेवलं की ते पाणी होतं. दोन-तीन आठवडे तरी मुरायला हवं. आमचं आठच दिवस मुरलं, त्यामुळे काळ्याऐवजी राखाडी आला, पावसाच्या ढगासारखा. तोच सगळ्यांत सुंदर दिसला. हातमोजे घाला मात्र, माझी नखं पंधरा दिवस काळी होती.

एका ठिकाणी माझंच चुकलं. लुगड्याच्या काठावर वारली चित्रातला चौक पांढऱ्या रंगानं काढावा, असं माझ्या मनात आलं. शहरात पर्सवर, कपांवर, उशांवर सगळीकडे वारली चित्रं असतात, मग इथं का नको? मावशींनी ब्रश बाजूला ठेवला. म्हणाल्या, "चौक लग्नाच्या भिंतीवर लिहायचा. सुवासिनी लिहितात. आत देवी बसते. तिला नाटकात नाचवायची नाही." मी गप्प बसले. दोन दिवसांपूर्वी शाळेत जाऊन मोठ्या तोंडानं बोलून आलेली मी, आणि विचारल्याशिवाय त्यांची देवी काठावर बसवायला निघाले होते. थोड्या वेळानं त्यांनीच ब्रश घेतला आणि काठावर ओळीनं भाताची रोपं काढली. "हे चालेल," म्हणाल्या. "हे सगळ्यांचं आहे."

गॅदरिंगच्या दिवशी वेगळीच तारांबळ. जंगलाच्या राज्यातली ९ मुलं लुगडी हातात घेऊन उभी, आणि कासोटा नेसवता येणारं शाळेत कुणी नाही. शेवटी बाई स्वतः मावशींना बोलवायला आल्या. मावशींनी एकेका पोराला भिंतीशी उभं करून नेसवलं, शेवटी बाईंनाही कसं खोचायचं ते दाखवलं. समुद्राच्या राज्याचं सॅटिन मात्र खांद्यावर उसवलं, ती शिलाई माझी होती. नातीला नाटकात एकच वाक्य होतं, ते ती विसरली आणि नुसतीच इरलं डोक्यावर घेऊन उभी राहिली. निवेदन करणाऱ्यानं माइकवरून ‘जंगली टोळी’ असंच म्हटलं, कागदावर तसंच लिहिलेलं होतं. ते बदलायचं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती लुगडी आम्ही भाड्यानं देतो आता. कुणाला हवी असतील तर गटाकडे निरोप द्या, पण कासोटा नेसवायला मावशींना बोलवायचं आणि त्यांची मजुरी वेगळी द्यायची, ही अट आहे.

यंदाही काम आलंय. या खेपेला राज्य आकाशातल्या एका ग्रहावरचं. चिठ्ठीत लिहिलंय, चंदेरी कागदाचे कपडे, डोक्यावर तारा. मी चिठ्ठी मावशींना वाचून दाखवली. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाल्या, "तिकडं पाऊस पडतो का, ते आधी विचार."